दुकान नसलेला दुकानदार

"मुलगा काय करतो?" हा प्रश्न आपल्या समाजात स्थळ पाहताना पहिल्या पाच मिनिटांत येतो आणि त्याचे उत्तर दोन-तीन शब्दांत देता यावे अशी अपेक्षा असते. कापडाचे दुकान आहे, सराफीची पेढी आहे, सीए आहे, बँकेत आहे. मंडणगडच्या बाजारपेठेतील माझे एक जुने स्नेही गेल्या वर्षी मुलाच्या स्थळासाठी पुण्याला जाऊन आले आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी माझ्या ओसरीवर येऊन बसले. किराणा-भुसार मालाचे त्यांचे दुकान तीन पिढ्यांचे आहे. चौविहाराची वेळ जवळ आली होती, तरी त्या दिवशी त्यांना उठण्याची घाई नव्हती.

"साहेब," ते म्हणाले, "तिथे मला विचारले, मुलगा काय करतो? मी म्हणालो, वेबसाइट बनवतो. कुठल्या कंपनीत? कंपनी नाही, घरीच. पगार किती? पगार नाही. त्यापुढे कोणी काही विचारले नाही, चहा मात्र आला. तुम्ही आयुष्यभर लोकांचे धंदे तपासलेत. आता याचा तपासा. हा धंदा आहे की छंद, तेवढे मला सांगा."

मी बँकेत सदतीस वर्षे काढली, त्यांतील बरीचशी कर्ज विभागात. अर्ज आला की आम्ही तीन गोष्टी पाहत असू : माल काय आहे, गिऱ्हाईक कोण आहे आणि वाईट दिवस आले तर हा माणूस कशावर उभा राहील. शेठच्या मुलाचा व्यवसाय मी याच रीतीने तपासला. आठ-दहा संध्याकाळी दुकानावरच्या त्याच्या खोलीत जाऊन बसलो, त्याच्या जमाखर्चाच्या नोंदी पाहिल्या, शेवटी त्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणूनही बसलो. पिता-पुत्रांच्या परवानगीने, नावे न देता, तो अहवाल येथे मांडतो. कारण आज आपल्या कित्येक घरांच्या माडीवर अशी एक खोली आहे आणि खाली गल्ल्यावर बसलेल्या वडिलांच्या मनात हाच प्रश्न आहे.

माल कोणता?

त्याच्या खोलीत एक टेबल, दोन पडदे असलेला संगणक, इन्व्हर्टर, एक जुना कॅमेरा आणि भिंतीवर पांढरा फळा आहे. गोदाम नाही, तागडी नाही, मालाचा साठा नाही. शेठची अर्धी चिंता या रिकाम्या खोलीतूनच जन्मली होती.

तो विकतो ते संकेतस्थळ. एक संकेतस्थळ उभे करण्यात किती कसब लागते, याची मला कल्पना नव्हती. प्रथम पानाचा सांगाडा रचावा लागतो. त्यासाठी एचटीएमएल नावाची खुणांची भाषा आहे. मग रंग, अक्षरांचा आकार, ओळींमधील मोकळी जागा. ते काम सीएसएसचे. बटण दाबल्यावर काही घडावे, मागणी नोंदली जावी, यासाठी जावास्क्रिप्ट, पीएचपी यांसारख्या भाषा. मालाची यादी, भाव, गिऱ्हाइकांच्या नोंदी साठवण्यासाठी डेटाबेस, म्हणजे संगणकातील खतावणीच. याखेरीज छायाचित्रे काढणे, मजकूर शुद्ध मराठीत लिहिणे, पैसे भरण्याची सोय जोडणे, चोरट्यांपासून संरक्षण करणे आणि सगळ्याची प्रत रोज दुसरीकडे ठेवणे. मोठ्या कंपनीत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला ती सगळी थोडी-थोडी यावी लागतात आणि एखादे तरी उत्तम यावे लागते.

या व्यवसायाचे हत्यार मात्र जवळजवळ फुकट आहे, ही गोष्ट व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जागतिक माहितीजालाची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुले केले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. २००३ मध्ये वर्डप्रेस ही संकेतस्थळे बांधण्याची प्रणाली आली, तीही विनामूल्य. आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर उभी आहेत. म्हणजे पुण्यातल्या कंपनीजवळ जे हत्यार आहे, तेच मंडणगडच्या माडीवरच्या मुलाजवळ आहे. फरक उरतो तो हातातील कसबाचा आणि सचोटीचा.

आपल्या परंपरेनुसार भगवान ऋषभदेवांनी माणसाला उपजीविकेची सहा कर्मे शिकविली : असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. शेठना मी म्हणालो, "तुमच्या घरात आजवर एकट्या वाणिज्याने चूल पेटली. हा मुलगा मसि, विद्या, शिल्प आणि वाणिज्य अशी चार कर्मे एका टेबलावर करतो आहे. माल नाही असे कसे म्हणता?"

छंदांचा हिशेब

"पण साहेब, तो एका कामावर टिकत कुठे? कधी फोटो काढतो, कधी अक्षरे गिरवत बसतो, कधी कासवे पाहायला वेळासला जातो." ही शेठची दुसरी तक्रार. व्यापारी घरात छंद म्हणजे गल्ल्यावरून उठलेले लक्ष. या मुलाच्या छंदांचा ताळेबंद मात्र मी मांडून पाहिला तेव्हा वेगळे चित्र दिसले.

प्रथम अक्षरांचा छंद घ्या. बँकेत संगणक आले त्या काळी मराठी पत्र एका यंत्रावर टंकून दुसऱ्यावर उघडले की निरर्थक चिन्हे दिसत, कारण प्रत्येकाची अक्षरसांकेतिका निराळी. युनिकोडने ही अडचण दूर केली. पण सांकेतिकेबरोबर पडद्यावर नीट दिसणारी अक्षरेही हवी होती. विंडोज २००० पासून कोट्यवधी संगणकांवर देवनागरी दाखविणारा 'मंगल' हा टंक घडविला तो रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी माणसाने. त्यांनी जाहिरातीच्या क्षेत्रात काम केले, कविता लिहिल्या, सुलेखन केले, आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात विद्यार्थी घडविले. २००८ साली ते गेले. या सर्व उद्योगांना जोडणारा धागा एकच होता : अक्षराचे वेड. एखाद्या बँक अधिकाऱ्याने त्यांच्या ऐन उमेदीत त्यांचा अर्ज तपासला असता, तर 'एका व्यवसायात स्थिर नाही' असाच शेरा कदाचित मारला असता. आज मराठी संकेतस्थळ वाचणाऱ्या असंख्य लोकांनी त्यांच्या हातची अक्षरे वाचली आहेत, नाव ठाऊक नसले तरी.

आता कासवांचा छंद. वेळास हे आपल्या मंडणगड तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव, नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना सोबत घेऊन ती अंडी जपण्याचे काम आरंभले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून माणसे येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. घरगुती जेवण, ओसरीवर झोपणे आणि पहाटे किनारा. गावाला यातून चार पैसे मिळतात आणि कासवाचे अंडेही वाचते.

यात संकेतस्थळाचे काम काय? पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर पडतील हे दोन महिने आधी कोणत्याही पत्रिकेत छापता येत नाही. अंडी उबायला साधारण दीड-दोन महिने लागतात, त्यात वाळूच्या उष्णतेप्रमाणे फरक पडतो. ही बातमी ताजीच असावी लागते. कासवे पाहायला जाता-जाता या मुलाने तेथील एका कुटुंबाच्या निवासाचे पान तयार करून दिले : खोल्या किती, दर काय, रस्ता कोणता, वेसवी-बागमांडला फेरीबोट कोणाला सोयीची. हंगामात ते पान तो नेमाने अद्ययावत करतो आणि त्याचे वर्षाचे ठरावीक शुल्क घेतो. त्याचे पाहून आणखी तीन घरांनी काम दिले. जो छंद शेठना वेळेचा अपव्यय वाटत होता, त्यानेच पहिली चार गिऱ्हाइके आणली होती.

भिजलेली वही

या मुलाच्या कामाची किंमत घरात प्रथम कळली ती मात्र गिऱ्हाइकामुळे नव्हे, वादळामुळे. ही हकिकत शेठनीच मला सांगितली; सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली आला.

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा मुलगा लोणेऱ्याच्या विद्यापीठातून घरी आला होता. दुकान मर्यादित वेळ उघडे. रिकाम्या वेळात त्याने उधारीच्या वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढण्यास सुरुवात केली. अभ्यासाचा भाग म्हणून त्याला किराणा दुकानाच्या हिशेबाची संगणकीय रचना करून पाहायची होती. वडील चिडले. वही ही घराची अब्रू. ती पसरून फोटो काय काढतोस? दोन दिवस बोलणे बंद राहिले. मुलाने मात्र काम पूर्ण केले आणि सर्व प्रती दूरच्या सर्व्हरवर ठेवल्या.

३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. मंडणगड आणि दापोली तालुक्यांची काय दशा झाली ते येथल्या माणसांना सांगायला नको. छपरे उडाली, आंबा-नारळाच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, गावेच्या गावे दीर्घ काळ अंधारात राहिली. शेठच्या दुकानाचे पत्रे गेले. पाऊस थेट फळीवरच्या वह्यांवर. पंचवीस-तीस खेड्यांतल्या गिऱ्हाइकांची उधारी त्यांत होती. शाई फुटून पाने एकमेकांस चिकटली.

वीज आणि संपर्क परत आल्यावर मुलाने एक-एक पान पडद्यावर उघडून दाखविले. बाप-लेकांनी पंधरा दिवस बसून नवी वही लिहिली. शेठ म्हणाले, "साहेब, उधारी सगळी आली असे नाही. लोकांचीच घरे पडली होती, कोणत्या तोंडाने मागणार? काहींची मीच सोडून दिली. पण कोणाची किती सोडली, हे तरी मला ठाऊक होते." हे वाक्य मी विसरलो नाही. माफ करायलाही हिशेब हाती असावा लागतो.

माझा एक शेरा

येथे मला स्वतःबद्दल सांगणे भाग आहे. अहवाल लिहिणाऱ्याचा पूर्वग्रहही वाचकाला ठाऊक असावा.

नोकरीच्या मधल्या काळात मी कोकणातल्या एका शाखेत असताना एक तरुण अर्ज घेऊन आला होता. त्याला संगणक, छपाईयंत्र आणि कॅमेरा यांसाठी पन्नास हजार रुपये हवे होते. तो लग्नपत्रिका रचून देई, फोटो काढी, दुकानांचे फलक रंगवी, शाळकरी मुलांना चित्रकला आणि टंकलेखन शिकवी. इंटरनेटवर दुकानांची पाने करून देण्याचा त्याचा विचार होता. मी त्याला विचारले, "तारणाला माल काय?" तो म्हणाला, "साहेब, माल म्हणजे मी करीन ते काम." मी त्याला शांतपणे समजावले की कामाला तारण ठेवता येत नाही. अर्जावर शेरा लिहिला : 'निश्चित व्यवसाय नाही. साठा नाही.' नियमांच्या चौकटीत तो शेरा बरोबर होता. पण चौकटीत राहूनही त्याच्याकडून वर्षभराच्या कामांच्या नोंदी मागवता आल्या असत्या, जामीनदार पाहता आला असता, थोडी कमी रक्कम सुचवता आली असती. मी त्यातले काहीच केले नाही. पुढे कळले की तो मुंबईला जाऊन कोणाच्या तरी छापखान्यात पगारावर राहिला. त्या गावाने एक कारागीर गमावला आणि त्यात माझ्या सहीचा वाटा होता.

आज परिस्थिती बदलली आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळू शकते आणि सेवा व्यवसाय त्यास पात्र आहेत. १ जुलै २०२० पासूनची उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. माझ्या त्या अर्जदाराने मागितलेली रक्कम आज शिशु गटात बसली असती. म्हणूनच शेठच्या मुलाचा अर्ज, तो बँकेत कधीच आलेला नसला तरी, मी जरा अधिक काळजीने वाचला.

तासाचा भाव

मुलाच्या हिशेबात मला जी मोठी चूक आढळली, ती भावाची होती. त्याने असे गणित केले होते : घरखर्च आणि बचत मिळून वर्षाला ४ लाख ८० हजार हवेत. वीज, इंटरनेट, यंत्रांची झीज, विमा असा व्यवसायाचा खर्च १ लाख २० हजार. एकूण ६ लाख. वर्षातले २५० दिवस, रोज ८ तास म्हणजे २,००० तास. तासाला ३०० रुपये.

मी विचारले, "आठही तासांचे पैसे मिळतात का?" तो हसला. गिऱ्हाइकाशी बोलणे, भाव सांगणे, नवे शिकणे, फुटकळ दुरुस्त्या, पैशांसाठी पाठपुरावा यांत निम्मा वेळ जातो. मग विकला जाणारा वेळ १,००० तासच राहिला आणि दर झाला ६०० रुपये. ३०० च्या दराने तो वर्षाअखेर ३ लाखांनी तोट्यात होता आणि त्याचे त्याला भानही नव्हते. आपण घट, तूट, भाडे धरल्याशिवाय तूरडाळीचा भाव काढत नाही. वेळ विकणाऱ्यानेही न खपलेला वेळ भावात धरलाच पाहिजे.

याखेरीज मी त्याला काही गोष्टी लिहून दिल्या. काम सुरू करण्यापूर्वी कागदावर करार असावा : काय करणार, किती वेळा बदल करून देणार, पैसे कोणत्या टप्प्यांनी. आरंभी तिसरा हिस्सा आगाऊ घ्यावा. व्यवसायाचे खाते घरखात्यापासून वेगळे असावे. सहा महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत बाजूला असावा, कारण या धंद्यात चातुर्मास कधीही येतो. आरोग्य विमा आणि मुदतीचा आयुर्विमा स्वतःच उतरवावा. येथे भविष्य निर्वाह निधी कापणारा मालक नाही, तेव्हा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत स्वतःच भरणा करावा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणीची सर्वसाधारणपणे सक्ती नाही. प्राप्तिकरात अशा व्यावसायिकांना ५० लाखांपर्यंतच्या जमेवर, आणि रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम नफा दाखवून सोप्या रीतीने विवरण भरता येते. नेमका निर्णय आपल्या सीएला विचारूनच घ्यावा.

गिऱ्हाईक म्हणून आपण

या तपासणीत एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. मुलाची सर्वांत जुनी थकबाकी परदेशी गिऱ्हाइकांकडे नव्हती, ती ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे होती. "घरचाच मुलगा आहे, करून देईल", "आधी बनव, आवडले तर पाहू", "रंग बदल, पुन्हा पहिला लाव". जो व्यापारी गोणीचे पैसे मोजल्याशिवाय गाडी सोडत नाही, तोच चाळीस दिवसांच्या कामाला 'बटण दाबायचे तर असते' म्हणतो. आपला व्यापारधर्म वजनात काटा मारू नये असे सांगतो. दुसऱ्याच्या श्रमाचे वजन कमी करणे हेही काटा मारणेच आहे.

आपल्या हिताची एक सूचना येथेच करतो. संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते आपल्या दुकानाच्या सातबारासारखे आहे. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. गाळा बदलता येतो, सातबारा मात्र आपल्याच नावावर हवा. माझ्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याने हे पाहिले नाही. नाव बनविणाऱ्याच्या खात्यावर नोंदलेले, तो परगावी गेला, वार्षिक शुल्क भरायचे राहिले आणि पाच वर्षे छापील पिशव्यांवर मिरवलेले नाव हातचे गेले. म्हणून डोमेन स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-पत्त्यावर नोंदवा, सर्व पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवा आणि देखभालीचे वार्षिक शुल्क दिवाळीच्या खर्चात आधीच धरा. २०१४ पासून '.भारत' या शेपटाने देवनागरीतही नाव घेता येते.

माडीवरची शाळा

शेवटी त्याच्या शिकवणीविषयी. आठवड्यातील तीन संध्याकाळी तो वरच्या खोलीत वर्ग घेतो. मी गेलो त्या दिवशी सात विद्यार्थी होते : बारावीची दोन मुले, एक शिक्षक, कोकम आगळ व आंबापोळी विकणाऱ्या एक बाई, दुकानातला हमालाचा मुलगा, शेठची धाकटी कन्या आणि मी. सर्वांत मंद विद्यार्थी मीच.

एचटीएमएलमध्ये बहुतेक खुणा उघडाव्या लागतात आणि काम झाल्यावर मिटाव्या लागतात, हे तो मला समजावत होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो थांबला आणि म्हणाला, "काका, जमेची बाजू लिहिली की नावेची लिहावीच लागते ना? एक राहिली तर ताळा बसत नाही. इथेही तसेच. जी खूण उघडली ती मिटली नाही, तर पान विस्कटते." क्षणात उमगले. तासाभरात माझ्या नावाचे एक पान पडद्यावर उभे राहिले. बाईंनी तोवर आपल्या कोकम आगळाच्या बाटलीचा फोटो, भाव आणि टपालखर्च असे पानही लावून टाकले होते.

शुल्क माफक आहे आणि हमालाच्या मुलाकडून तो काही घेत नाही. मी विचारले, "यात तुझा फायदा काय?" त्याचे उत्तर व्यापाऱ्याच्या मुलाला शोभणारे होते. शिकवणीचे पैसे थोडे, पण महिन्याच्या महिन्याला येतात. संकेतस्थळाची कामे तशी येत नाहीत. शिकवताना स्वतःचे कच्चे दुवे कळतात. आणि काम वाढले की मदतनीस मुंबईहून आणावा लागणार नाही, येथेच तयार होईल. एका गोष्टीत तो कडक आहे : 'तीन महिन्यांत नोकरीची हमी' असे तो कोणालाही सांगत नाही. जे देता येत नाही ते विकायचे नाही, एवढी शिकवण त्याला खालच्या गल्ल्यावरच मिळाली असावी.

शेठची कन्या त्या दिवशी भावाची चूक दाखवून देत होती. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. लिपी आणि अंक यांचीच तर ही विद्या आहे. ती घरातल्या मुलींपर्यंत पोहोचते आहे, याची नोंद मी अहवालात केली.

निर्णय

शेठना मी लेखी निर्णय दिला : हा धंदा आहे. भाव चुकीचा होता, वसुली ढिली होती, राखीव निधी नव्हता. हे दोष सुधारता येण्याजोगे आहेत. माल आहे, गिऱ्हाईक आहे, आणि वाईट दिवसांत उभे राहण्यासाठी एका हाताला काम नसेल तर दुसऱ्या हाताला देणारी चार-पाच कसबे आहेत. त्याचे छंद हाच त्याचा साठा. तीन वर्षे स्वतंत्र हिशेब ठेवून पाहावा आणि दर दिवाळीला दोघांनी एकत्र बसून ताळेबंद तपासावा.

शेठ थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण दुकानाचे काय?"

मी त्यांना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची आठवण दिली. १८८२ साली दिगंबर जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या या माणसासमोर कापूस आणि सावकारीची वडिलोपार्जित वाट तयार होती. ती सोडून त्यांनी रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटे घेऊ लागले. कंत्राटदाराला तरी कुठे दुकान असते? त्याच्याजवळ काम पुरे करण्याची शक्ती आणि दिलेला शब्द असतो. तेथून सिंदिया कंपनीच्या 'लॉयल्टी' जहाजापर्यंत ते पोहोचले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज निघाले आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. प्रत्येक मुलगा वालचंद होत नाही, हे मी शेठना स्पष्ट सांगितले. पण घराण्याचा धंदा बदलला म्हणून घराण्याची पत जात नाही. पत शब्द पाळण्यात असते आणि तो या मुलाने पाळल्याचे दाखले मी कागदोपत्री पाहिले होते.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाला मी त्यांच्या दुकानी गेलो. पूजा झाल्यावर शेठनी नवी वही उघडली, श्री काढला आणि जमेच्या बाजूला पहिली रक्कम लिहिली. मी वाकून पाहिले. मुलाचे नाव होते आणि पुढे लिहिले होते : 'माडीवरील खोलीचे भाडे, एक महिना.' मुलाने रोख पैसे पुढे ठेवले आणि वडिलांनी ते मोजून घेतले. मग शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, पुढच्या आठवड्यात पुण्याला पुन्हा जायचे आहे. या वेळी काय सांगायचे ते मला ठाऊक आहे."